रद्दीची बुट्टी

आमच्या बोरगावकडे टोपलीला बुट्टी म्हणतात. कानडी मुलखाच्या शेजाराने हा शब्द आमच्या तोंडी बसला. वेळूची बुट्टी बुरूड विणतो. परंतु आमच्या आज्यांच्या पिढीत दुसरीही एक बुट्टी असे, ती रद्दी कागदाची. वाती, सुईदोरा, सुकी मिरची असे किती तरी जिन्नस तीत राहत. ती कशी करीत हे आम्ही विचारून घेतले व करूनही पाहिले.

रद्दीचे बारीक तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवावे. चकचकीत कागद घेऊ नये. त्यावरील लेपामुळे तो नीट मुरत नाही. भिजलेला कागद उखळात कुटला की लगदा तयार होतो. कागद म्हणजे मुळात वनस्पतींचे तंतूच. पाण्यात ते सुटे होतात आणि वाळताना पुन्हा एकमेकांस घट्ट धरतात. बुट्टीचे बळ ते हेच. मग मेथी कशाला, असे कोणी विचारील. भिजवून वाटलेल्या मेथीतून बुळबुळीत द्रव्य निघते, ते डिंकाचे काम करते. शिवाय तिच्या कडूपणाने कसर लागत नाही, अशी आज्यांची खात्री. पसरट तोंडाचे पातेले पालथे घालून, त्यावर ओले फडके पसरून लगदा सारखा थापावा. लगदा वाळताना आकसतो, म्हणून तो अर्धवट वाळताच पातेले अलगद सोडवावे. काश्मीरच्या सुप्रसिद्ध नक्षीदार पेट्याही अशाच लगद्याच्या. तेथे आकार घडविण्याच्या कामास साख्तसाजी व रंगकामास नक्काशी म्हणतात. आमच्या बुट्टीवर नक्काशी नाही, जुन्या साडीचा काठ मात्र आहे.

आमची पहिली बुट्टी आम्ही भर आषाढात थापली. चौथ्या दिवशी तिला बुरशी आली. "अरे, हे उन्हाळ्याचे काम!" म्हणून आजी हसल्या. दुसरी दिवाळीनंतरच्या उन्हात केली, ती टिकली.

निपाणी भाग विडीच्या तंबाखूचा. विड्या वळणाऱ्या घरात आईचे सूप, कात्री, दोरा आणि मुलांच्या वह्या एकाच कोपऱ्यात असतात. वह्यांना तंबाखूची धूळ लागते, तीच हाताने तोंडात जाते. अशा एका घरासाठी आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्याचे भिंतीवरील कप्पे केले. पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागद असतो. त्याच्या नळ्या उभ्या राहतील असा पुठ्ठा कापला तरच तो भार सोसतो, आडवा कापल्यास वाकतो. वरचा कप्पा वह्यांना, त्यास फडक्याचा पडदा; कात्री-दोरा खाली.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये. शेतातील औषधांचे डबे व बाटल्या, कितीही धुतल्या तरी, घरात कशासही वापरू नयेत. ते विष धुण्याने पुरते जात नाही. तसेच छापील रद्दीच्या बुट्टीत शाईमुळे उघडे खाद्य ठेवू नये, आत स्वच्छ कापड घालावे.

त्या घरी आम्ही परवा पुन्हा गेलो. वरच्या कप्प्यात वह्या होत्या. खालच्यात कात्रीशेजारी आईने आपला चष्माही ठेवला होता.