फिल्टरला वळसा

सात मेगाहर्ट्झवर पाच वॅट देणारा ट्रान्समीटर घरी बांधणं आज फारसं अवघड राहिलेलं नाही. आयआरएफ ५१० हा स्वस्त मॉसफेट, हवी ती वारंवारता तयार करून देणारी एसआय ५३५१ ही चिमुकली चिप, एखादा मायक्रोकंट्रोलर आणि थोडी तांब्याची तार एवढ्या सामानावर पुण्यातल्या गच्चीवरून मोर्समध्ये हैदराबाद-कोलकात्याशी बोलता येतं. कस लागतो तो त्यानंतर. हा ट्रान्समीटर सात मेगाहर्ट्झवर बोलताना बाकी सगळीकडे गप्प बसतो का ते पाहायचं, आणि बसत नसेल तर त्याला बसवायचं. हौशी रेडिओतली खरी कारागिरी मला याच कामात दिसते.

आमच्या ओळखीतला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी नुकताच परवाना मिळवून हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, झाला. त्याने बांधलेला सेट घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "काका, पाच वॅटवर हैदराबाद लागलं. स्वच्छ ऐकू येतोय म्हणाले." मी मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं, "चौदावर आणि एकवीसवर कसा ऐकू येतोस?" तो म्हणाला, "तिथे मी नाहीच ना. फिल्टर लावलाय, सात घटकांचा."

फिल्टर लावला होता हे खरं, आणि विचारपूर्वक लावला होता. एसआय ५३५१ मधून बाहेर पडणारी लहर चौकोनी असते. पुढचा मॉसफेटही कमी तापावा म्हणून स्विचसारखा चालवतात. चौकोनी लहरीत मूळ वारंवारतेबरोबर तिच्या विषम पटीही असतात. तिसऱ्या पटीत मूळच्या एक नवमांश शक्ती, पाचवीत एक पंचविसांश. लहरीचे दोन्ही अर्धे सारखे नसले की सम पटीही येऊन मिळतात. या सगळ्या पटींना आम्ही हार्मोनिक म्हणतो. ७.०३० मेगाहर्ट्झवर मोर्सची की दाबली की १४.०६०, २१.०९० आणि २८.१२० वरही काहीतरी निघतंच. या तिन्ही जागा हौशी पट्ट्यांतच आहेत, म्हणजे पहिला त्रास आपल्याच मंडळींना. पण सगळ्याच पट्ट्यांचं असं नाही. १४.०६० ची सातवी पट ९८.४२ मेगाहर्ट्झला, थेट एफएम रेडिओच्या मधोमध पडते. २४.९ ची पाचवी पट १२४.५ ला, म्हणजे विमानं आणि टॉवर ज्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात तिथे.

याला किती आवर घालायचा, याचे आकडे ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत ३० मेगाहर्ट्झखालच्या हौशी केंद्रांसाठी जी मर्यादा दिली आहे, ती पाच वॅटच्या सेटला लावली तर नको असलेला प्रत्येक सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा ५० डेसिबलने खाली असायला हवा. ५० डेसिबल म्हणजे एक लाखावा भाग. पाच वॅटचा लाखावा भाग म्हणजे ५० मायक्रोवॅट.

हे मोजायला पूर्वी लाखोंची उपकरणं लागत. आता टायनीएसए नावाचा तळहाताएवढा स्पेक्ट्रम अॅनालायझर काही हजार रुपयांत मिळतो. मात्र त्याच्या तोंडात पाच वॅट सरळ घातले तर तो जळेल. म्हणून आधी डमी लोड. दोन वॅटचे एक किलोओहमचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा भार तयार होतो आणि शक्ती उष्णतेच्या रूपात तिथेच जिरते. त्याच्या सिग्नलच्या टोकापासून ८२० ओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक घ्यायचे, पुढे ५१ ओहम जमिनीला जोडायचा, आणि त्या सांध्यावरून अॅनालायझरला सिग्नल द्यायचा. असा सिग्नल ४० डेसिबलने कमी होऊन येतो. वेस हेवर्ड आणि बॉब लार्किन या दोन अमेरिकन हॅमनी ही युक्ती आपल्या घरगुती पॉवर मीटरबरोबर २००१ साली प्रसिद्ध केली होती. आजही जगभरच्या घरी सेट बांधणाऱ्यांच्या टेबलांवर ती दिसते. तिच्यापुढे आम्ही २० डेसिबलचा आणखी एक अॅटेन्युएटर लावला.

पडद्यावर सातवर उंच सुळका उभा राहिला. चौदावर त्याहून ४९ डेसिबल खाली एक काडी, एकवीसवर ४४ डेसिबल खाली दुसरी. विद्यार्थी हिरमुसला. "चौदाचं जवळजवळ बसतंय," तो म्हणाला, "पण एकवीसचं जास्त कसं?"

प्रश्न अगदी नेमका होता, पण त्याआधी उपकरणाला प्रश्न विचारायचा असतो. जोरदार सिग्नल आत गेला की अॅनालायझर स्वतःच हार्मोनिक तयार करून दाखवतो. खरं-खोटं ओळखायचा मार्ग सोपा आहे. आणखी १० डेसिबलचा अॅटेन्युएटर लावायचा. हार्मोनिक खरोखर बाहेरून येत असेल तर तोही दहानेच उतरतो. उपकरणाच्या पोटात जन्मलेला असेल तर दुसरी पट वीसने आणि तिसरी तीसने कोसळते. आम्ही अॅटेन्युएटर लावला. सगळं सारखंच दहाने उतरलं. काड्या खऱ्या होत्या.

मग फिल्टर दोन्ही टोकांनी सोडवून नॅनोव्हीएनए या फिल्टर मोजायच्या छोट्या उपकरणावर एकटा तपासला. चाळीस मीटर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी जगभर वापरला जाणारा हा आराखडा आहे. दोन टोकांना २७० पिकोफॅरड, मध्ये ६८० चे दोन कपॅसिटर, आणि पिवळ्या टी ३७-६ कोअरवर गुंडाळलेल्या तीन कॉइल, कडेच्या एकवीस वेढ्यांच्या, मधली चोवीसची. वेढे मोजताना तार भोकातून जितक्यांदा आरपार जाते तितके वेढे धरायचे. बाहेरून दिसणारी तार मोजली की एकाची चूक हमखास होते. पोराचं काम नीटनेटकं होतं. वेढे कोअरवर सारख्या अंतराने पसरलेले, दोन टोकांमध्ये थोडी मोकळी जागा. मोजणीतही तसंच आलं. सातवर तोटा नगण्य, चौदावर ४० डेसिबलच्या आसपास अडवणूक, एकवीसवर साठच्या वर.

इथे सगळं कोडं उघडं पडतं. लो-पास फिल्टर जितकं वर जावं तितकं जास्त अडवतो. मॉसफेटमधून निघणारी तिसरी पट दुसरीहून फार मोठी नसते. त्यामुळे फिल्टरमधून गेल्यावर तिसरी पट दुसरीपेक्षा खूप खाली असायला हवी. ती वर दिसत असेल तर ती फिल्टरमधून आलेलीच नाही. ती त्याला वळसा घालून आली आहे. बांध कितीही भक्कम घातला तरी उंदराचं बीळ राहिलं की पाणी तिथून जातंच, आणि मग बांधाची उंची वाढवून काही उपयोग नसतो. असा सेट समोर आला की बरेच जण फिल्टरला आणखी दोन घटक जोडतात. वाट मात्र तशीच उघडी राहते.

बीळ शोधायला आम्ही कोअॅक्स केबलच्या टोकाला मधली तार तिच्या प्लॅस्टिकसकट जरा पुढे काढली आणि अॅनालायझर एकवीसवर ठेवून ते टोक सेटभर फिरवलं. फिल्टरजवळ फारसं काही नाही. हीटसिंकजवळ नेलं आणि काडी उसळून वर आली. आयआरएफ ५१० च्या पाठीचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला जोडलेला असतो. अॅल्युमिनियमची हीटसिंक त्याला थेट कसली होती, म्हणजे ड्रेनवरची सगळी लहर, साऱ्या हार्मोनिकसकट, तिच्या पात्यांवर नाचत होती. फिल्टरकडून अँटेनाच्या सॉकेटकडे जाणारी साधी वायर त्याच पात्यांना चिकटून गेली होती. दोघांत मिळून दोन-चार पिकोफॅरडचा न मागितलेला कपॅसिटर तयार झाला होता. कपॅसिटरमधून वारंवारता वाढेल तसं जास्त झिरपतं. चौदापेक्षा एकवीसला जास्त का, याचं उत्तर त्या वायरीच्या वाटेत होतं. सर्किटच्या आराखड्यात हा कपॅसिटर कुठेच काढलेला नसतो.

दुरुस्ती पुढच्या तासाभरात झाली. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा पापुद्रा घातला, स्क्रूला इन्सुलेटिंग बुश लावलं आणि हीटसिंक जमिनीला जोडली. उघडी वायर काढून आरजी १७४ कोअॅक्स टाकली. तिची जाळी दोन्ही टोकांना आखूड जोडली, एक टोक फिल्टरच्या शेवटच्या कपॅसिटरच्या जमिनीला, दुसरं सॉकेटच्या अंगाला. पॉवर ट्रान्झिस्टर आणि फिल्टर यांच्यामध्ये तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडोशासारखा उभा केला. या पत्र्यावर कल्हई असते, त्यामुळे सोल्डर झटकन धरतं. पुण्यात तुळशीबागेजवळ पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान मिळतं, पण शील्डिंगसाठी मी अजून रिकामा डबाच वापरतो.

दुसरी गोष्ट कपॅसिटरच्या पायांची. त्याने ६८० पिकोफॅरडचे कपॅसिटर सेंटिमीटरभर पाय ठेवून उभे केले होते. एक सेंटिमीटर सरळ तारेचं इंडक्टन्स साधारण ८ ते १० नॅनोहेन्री असतं. दोन पाय मिळून वीस धरले तर ६८० पिकोफॅरडबरोबर ते ४३ मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्सला येतं. त्याच्या वर हा घटक कपॅसिटर राहत नाही, कॉइलसारखा वागतो. म्हणजे एफएम आणि विमानांच्या पट्ट्यात फिल्टरची अडवणूक ढिली पडते, आणि तिथे तर ती सगळ्यात जास्त हवी. पाय कापून कपॅसिटर बोर्डाला टेकवले. सेटला बारा व्होल्ट देणाऱ्या तारेवर, ती पेटीत शिरते तिथे, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि फेराइटचा मणी बसवला, कारण पुरवठ्याची तारही बिनबोभाट अँटेना होते.

पुन्हा की दाबली. चौदा ५३ डेसिबल खाली, एकवीस ६४ खाली, त्यावर सगळं गोंगाटात बुडालेलं. फिल्टरमधला एकही घटक बदललेला नव्हता.

मोर्सच्या सेटमध्ये एक गोष्ट याशिवाय पाहावी लागते. की दाबताक्षणी लहर एकदम पूर्ण उंचीला गेली तर शेजारच्या काही किलोहर्ट्झवर खट्खट् ऐकू येते. चढ-उताराला पाच मिलिसेकंद दिले की ती जाते. एक पीएनपी ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यात हे साधतं.

फिल्टरला वळसा घालून सिग्नल निसटणं फक्त नवशिक्यांपुरतं नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स हा ट्रान्सीव्हर रचला, तो मुद्दाम भारतातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल त्या सामानातून, अगदी कॉइलसाठी नळाचे वॉशर वापरून. त्याने आपल्या देशात घरी सेट बांधणाऱ्यांची एक पिढी उभी केली. त्यांच्याच पुढच्या मायक्रोबिटएक्समध्ये सुरुवातीच्या बोर्डांवर हार्मोनिक जास्त निघत, कारण फिल्टर बदलणाऱ्या रिलेंच्या मांडणीतून सिग्नल फिल्टरच्या बाजूने निसटे. जगभरच्या बांधणाऱ्यांनी मोजून ते दाखवलं, उपाय सुचवले, आणि पुढच्या आवृत्तीत मांडणी बदलली. इतक्या मोकळेपणाने दोष मांडणं आणि दुरुस्त करणं मला या छंदाचं सर्वात मोठं बळ वाटतं.

हा काटेकोरपणा लागतो कधी, तर नेमका आणीबाणीत. डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारतीय हॅमच्या तुकडीने त्सुनामीनंतर तिथून निरोप पोहोचवले. अशा वेळी एकाच खोलीत एक जण सातवर बोलत असतो आणि दुसरा चौदावर एखादा क्षीण आवाज पकडायचा प्रयत्न करत असतो. सातवाल्याचा सेट घाणेरडा असेल तर चौदावरचा निरोप हातचा जातो, आणि कोणाचा गेला हे कळतही नाही.

बाजारात येणाऱ्या प्रत्येक रेडिओ उपकरणाला चाचण्यांचे दाखले लागतात. हौशी परवानाधारकाला मात्र आपला ट्रान्समीटर स्वतः बांधून थेट हवेत जाता येतं. प्रयोगशाळेने करायची तपासणी सरकारने आपल्या विवेकावर सोपवली आहे. म्हणून माझा आग्रह आहे की नवा सेट दाखवताना किती वॅट आणि किती लांब लागला एवढं सांगून थांबू नये. त्याच्या स्पेक्ट्रमचा फोटोही सोबत द्यावा, मोजताना किती अॅटेन्युएशन होतं ते लिहावं, आणि क्लबच्या बैठकीत अॅनालायझर कायम टेबलावर असावा. त्या विद्यार्थ्याने आपल्या लॉगबुकात पहिल्या पानावर हेच आकडे लिहिले आहेत. हैदराबादचा संपर्क त्याखाली आहे.