आपलीच नाव, आपलंच शीड आणि परका किनारा

कामठ्याच्या शाळेत सातवीच्या वर्गाला भूगोल शिकवीत होतो. नकाशावर हिंदी महासागर दाखवून झाला, तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, इमानानं गेलं तं पासपोर्ट पाहातेत. पन आपलाच डोंगा असला अन् आपुनच वल्हवत गेलो, तं आपल्याले कोन अडवते?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण उत्तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, बोडी आणि रोवणीच्या दिवसांतली बांधी. मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरांच्या पुढे. उद्या सांगतो म्हणून वेळ मारून नेली, आणि मग वाचायला बसलो.

वल्ह्याने कुणी परदेशी फारसं जात नाही. जातात ते शिडाने. अशा खाजगी शिडाच्या नौकेला यॉट म्हणतात. तीस-पस्तीस फुटांपासून पन्नास-साठ फुटांपर्यंत लांबी, एक किंवा दोन डोलकाठ्या, आत निजायला फळी, रांधायला चूल आणि बंदरात शिरण्यापुरतं लहान इंजिन. बुडाखाली शिसं किंवा लोखंड यांचं जड वजन असतं. बुडाशी वजन घातलेली बाहुली कितीही लोटली तरी उठून उभी राहते ना, तशी ही नौका लाटेने कलंडली तरी सावरते. वाऱ्याच्या थेट तोंडावर मात्र तिला जाता येत नाही. घाटात बैलगाडी जशी वळणं घेत चढते, तशी ती कधी डावीकडून, कधी उजवीकडून वारा घेत नागमोडी पुढे सरकते.

मुंबईत बांधलेल्या अशाच एका खाजगी नौकेची हकीकत मोठी गमतीची आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण इंग्रज व्यापारी जहाजावर अधिकारी होता आणि मुंबईत राहत होता. १९६०च्या दशकात त्याने कुलाब्याला आपल्या इथल्या सुतारांकडून सागवानाची बत्तीस फुटी नौका बांधून घेतली. वाकस आणि हाताने फिरवायचा सामता अशी साधी हत्यारं. काम मात्र पक्कं. तिचं नाव 'सुहेली', म्हणजे इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडच्या वाऱ्याला देतात ते नाव. १९६५च्या डिसेंबरात तो भाऊ आणि एक मित्र यांना घेऊन मुंबईहून निघाला. डिसेंबर का, हे शिक्षकांनी मुलांना अवश्य विचारावं. ज्या नैऋत्य वाऱ्यावर आपली रोवणी अवलंबून, तो हिवाळ्यात उलटतो आणि ईशान्येकडून वाहू लागतो. शेकडो वर्षं गलबतं याच वाऱ्यावर अरबस्तानाकडे आणि आफ्रिकेकडे जात आली. सुहेलीही आधी मस्कतला गेली, मग आफ्रिकेचा किनारा धरून दक्षिणेकडे. दक्षिण आफ्रिकेत पैसे संपले; तेव्हा तिथे नोकरी करून पैसे जमवले आणि मग पुढे १९६७ साली इंग्लंड गाठलं. पुढल्याच वर्षी, १४ जून १९६८ला, तो त्याच नौकेतून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ला परतला. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. सागवानाची किंमत आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पण कुलाब्याच्या सुतारांची नावं त्या मानाने फारशी कुणाला माहीत नाहीत, याची मला रुखरुख वाटते.

आपल्या माणसांनी हे केलं ते नौदलाच्या नौकांतून. नौका सरकारी, पण आकाराने आणि रीतीने खाजगी यॉटसारखीच. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहत. एका भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही त्यांची जुनी इच्छा. कमांडर दिलीप दोंदे यांनी ती जबाबदारी उचलली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छपन्न फुटी 'म्हादेई' बांधली गेली; मांडवी नदीचं जुनं नाव म्हादई, त्यावरून हे नाव. १९ ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात परत आले. चारच ठिकाणी थांबले: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाउन. अंतर किती? पृथ्वीच्या वर्तुळाचे ३६० अंश, दर अंशाच्या ६० कला आणि एका कलेला एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. गुणाकार केला की २१,६०० सागरी मैल होतात. प्रदक्षिणा म्हणवून घ्यायला निदान एवढं तरी अंतर तोडावं लागतं. हे गणित वर्गात फळ्यावर फार छान उतरतं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. कोण अडवतं?

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत पाणी त्या देशाचं. त्यातून कुणाला त्रास न देता सरळ निघून जायला समुद्राचा कायदा परवानगी देतो. पण थांबायचं, उतरायचं म्हटलं की पासपोर्ट आला, बहुतेक ठिकाणी व्हिसाही आला. शिवाय नौकेचे स्वतःचे कागद हवेत: नोंदणीचा दाखला, माणसांची यादी, आणि मागच्या बंदराने दिलेला 'ही नौका रीतसर निघाली' असा परवाना. वाटेल त्या खाडीत नांगर टाकता येत नाही. परदेशातून येणाऱ्यांसाठी ठरवून दिलेल्या बंदरातच जावं लागतं. न्यूझीलंडला तर पोचण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधी वर्दी द्यावी लागते.

बंदरात शिरताना डोलकाठीवर पिवळा बावटा चढवतात. त्याचा अर्थ, 'माझ्या नौकेवर रोगराई नाही, मला प्रवेश द्या.' अधिकारी येऊन तपासून जाईपर्यंत कुणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही. ही चाल जुनी आहे. प्लेगच्या भीतीने व्हेनिससारख्या बंदरांत जहाजांना चाळीस दिवस बाहेर थांबवीत; क्वारंटाइन हा शब्द त्या चाळीसवरूनच आला. तपासणी झाली की पिवळा बावटा उतरतो आणि उजव्या बाजूला यजमान देशाचा झेंडा चढतो. आपल्या देशाचा बावटा नौकेच्या मागच्या टोकाला असतोच. नौकेवर जकात नसते, पण तीही पाहुणीच. ठरलेली मुदत संपली किंवा ती तिथेच विकली की जकात भरा.

सगळ्यात कडक तपासणी शिध्याची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत ताजी फळं, भाजी, बी-बियाणं, मध यांतलं बरंचसं बंदरातच काढून घेतात. नौकेच्या बुडाला समुद्रातले शिंपल्यांसारखे जीव चिकटले असतील तर तेही खरवडून आणावं लागतं. ऐकून वाटतं, मूठभर चण्यांसाठी एवढा कांगावा कशाला? पण आपल्या बांधावरचं गाजरगवत आठवा. १९५५च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आलं; परदेशी गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सांगतात. आज ते उपटता उपटता आपले हात खाजतात. तलावात पसरणारी जलपर्णी तर दक्षिण अमेरिकेतली, कुणीतरी फुलं सुंदर म्हणून आणलेली. आपल्या धीवर बांधवांना विचारा तिने जाळ्याचं काय होतं ते. तेव्हा तो तिकडचा अधिकारी चण्याची पुरचुंडी उचलतो, यात मला तरी गैर दिसत नाही.

हे सगळे नियम एका प्रसंगी मागे पडतात: जीव वाचवायचा असेल तेव्हा. कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली म्हादेईतूनच कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. पुढे २०१८ साली ते गोव्यातच बांधलेल्या 'थुरिया' या नौकेतून एकट्याच्या शर्यतीत उतरले. सुहेलीच्याच बांधणीची ही नौका. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, हलताही येईना. 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं आणि ॲमस्टरडॅम नावाच्या फ्रेंच बेटावरच्या लहानशा इस्पितळात नेलं. तिथे आधी उपचार झाले. मग आपली 'सातपुडा' ही युद्धनौका जाऊन त्यांना घेऊन आली. हेच टॉमी २०२३च्या एप्रिलमध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले.

'तारिणी'वरच्या सहा महिला नौदल अधिकाऱ्यांचंही थोडंफार असंच झालं. १० सप्टेंबर २०१७ला त्या गोव्याहून निघाल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, आणि बेतात नसलेलं मॉरिशसचं पोर्ट लुई बंदर त्यांना गाठावं लागलं. २१ मे २०१८ला त्या गोव्याला परत आल्या. स्वदेशी परतलं तरी कागद चुकत नाहीत, हेही सांगून ठेवतो. बाहेरून आलेल्या नौकेला आपल्या बंदरातही जकात, पासपोर्ट आणि आरोग्य या तिन्ही खात्यांपुढे उभं राहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी वर्गात सांगितलं. फळ्यावर पिवळा बावटा काढला, बारा मैलांची रेघ ओढली. तो मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंग गुरुजी, मायनं बांधून देल्ले चने फेकाचे का?"

म्हटलं, "फेकायचे कशाला? किनारा दिसायच्या आत खाऊन टाकायचे."