लढाई खालून वर वाचताना

पॉम्पेईच्या उत्खननात 1831 मध्ये एका श्रीमंत घराच्या फरशीवर अलेक्झांडर आणि दरायस यांच्या लढाईचं चित्र सापडलं. रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांचं, सुमारे पाच मीटर रुंदीचं हे काम मूळ ग्रीक चित्रावरून केलेलं असावं, असं मानतात. त्याची मांडणी एकाच क्षणाभोवती आहे. डावीकडून अलेक्झांडर घुसतो, उजवीकडे रथातला दरायस हात पुढे करून मागे पाहतो आणि सारथी तेवढ्यात घोडे उलट दिशेला हाकतो. मागे तिरप्या भाल्यांचं रान आणि एक वठलेलं झाड. खाली पडलेल्या एका सैनिकाला तर ढालीत स्वतःचाच चेहरा दिसतो. पुढे काय होणार हे चित्र सांगत नाही. पारडं फिरलं, एवढंच दाखवतं.

आता बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, पाहा. ते उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या मुलखातले. अंबरनाथ पश्चिमेहून रूळ ओलांडून पूर्वेला गेलं की जे शिवमंदिर लागतं, तेही याच घराण्याच्या काळचं. तिथला शिलालेख शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा आहे. एकसरच्या उंच शिळांवर आडवे पट्टे एकावर एक रचलेले आहेत. काही शिळांवर तळाला डोलकाठीची गलबतं, त्यांची वल्ही एका लयीत तिरपी. वर गलबतं भिडतात, माणसं पाण्यात पडतात. त्याहून वर शिवलिंगाची पूजा, अप्सरा, स्वर्ग. ग्रीक चित्रकाराने काळ थांबवला, कोकणातल्या पाथरवटाने तो उभा रचला. म्हणून इथे लढाई हा शेवट ठरत नाही. ती पहिली पायरी आहे आणि शिळेची उंचीच वीराची बढती दाखवते.

यावर कुणी म्हणेल, हा तर ठरलेला साचा. गावोगावच्या वीरगळांवर हेच पट्टे असतात, मग एकसरचं कौतुक कशाला? साचा आहे, हे खरंच. पण साच्यात कुठे भर घातली, यावरूनच कारागिराचा हेतू कळतो. साध्या वीरगळावर लढाईला एखादा पट्टा पुरतो. इथे आधी आगेकूच, मग झुंज, असे आरमाराला एकाहून अधिक पट्टे दिले आहेत. खालच्या पट्ट्यातली वल्ह्यांची शिस्त वरच्या गर्दीत मोडते, आणि तिथून पुन्हा पूजेच्या शांत रांगा सुरू होतात. हा चढउतार आपोआप येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यादव राजा महादेवाशी लढताना शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीवरून कळतं. ही घटना साधारण 1265 ची. तीच इथे कोरली आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. तर्क पटण्याजोगा आहे, पण शिळांवर वाचता येईल असं कुणाचंच नाव नाही, आणि केवळ मांडणीवरून राजाची ओळख पटत नाही. मांडणीवरून कळतं ते इतकंच, की ही लढाई समुद्रावरची होती आणि शिळा उभारणाऱ्यांना ती मोलाची वाटली. सोमेश्वराचं नाव तूर्त कंसातच ठेवावं.

नेपल्सच्या संग्रहालयातलं चित्र बघायला परदेशी जावं लागतं. एकसरला मात्र आता त्याच नावाचं मेट्रो स्थानक आहे. अंबरनाथकरांनी दादरला गाडी बदलून बोरिवली गाठावी आणि शिळेपुढे उभं राहिल्यावर नजर आधी तळाच्या पट्ट्यावर ठेवावी.