सागरातील सोडियम आणि जोलीचे गणित

नद्या खडकांतील क्षार विरघळवून सागरात आणतात, पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. या सर्वपरिचित कल्पनेवरून सागराचे वय काढता येईल, असे एडमंड हॅले याने १७१५ मध्ये सुचविले होते. सोडियमच्या आधारे ते गणित १८९९ मध्ये डब्लिन येथील जॉन जोली याने मांडले. सागरातील एकूण सोडियमला नद्यांनी प्रतिवर्षी आणलेल्या सोडियमने भागून त्याने ८ ते ९ कोटी वर्षे हे उत्तर काढले. किरणोत्सर्गी मापनाने निश्चित झालेले पृथ्वीचे वय मात्र सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. मग जोली चुकला कोठे?

आजचे आकडे घेऊन पाहू. एक किलोग्रॅम सागरजलात सुमारे १०.८ ग्रॅम सोडियम असते. नदीच्या पाण्यात सरासरी ६ मिलिग्रॅमच्या आसपास. सागरजलाचे वस्तुमान नद्यांच्या वार्षिक प्रवाहाच्या सुमारे ३८,००० पट आहे. यावरून उत्तर ७ कोटी वर्षांच्या जवळपास येते. तेव्हा चूक भागाकारात नसून, सागरात आलेले सोडियम तेथेच साठून राहते या गृहीतकात आहे. वाऱ्याने जमिनीवर परतणाऱ्या मिठाची वजावट जोलीने केली होती. परंतु सोडियमला याहून मोठ्या वाटा आहेत.

त्यांपैकी पहिली वाट म्हणजे बंदिस्त उपसागर आटून बनणारे सैंधवाचे थर. दुसरी, मृत्तिका खनिजांवरील आयन-विनिमय. तिसरी वाट सागरतळावरील बेसाल्टातून जाते. तेथे तप्त सागरजलाच्या क्रियेने फेल्स्पारमधील कॅल्शियम बाहेर पडते व त्याची जागा सोडियम घेऊन अल्बाइट तयार होते.

या तिसऱ्या वाटेमुळे सागराचा हिशेब प्रावरणाशी जोडला जातो. प्रावरणातील पेरिडोटाइटात सोडियम ऑक्साइड अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते व ते मुख्यतः क्लिनोपायरॉक्सीन या खनिजात असते. खडक अंशतः वितळू लागला की सोडियम द्रवाकडे धाव घेते. म्हणून सागरी कटकांवरील बेसाल्टात त्याचे प्रमाण २ ते ३ टक्के आढळते. वितळण जितके अल्प, तितका द्रव सोडियमने अधिक समृद्ध. हाच बेसाल्ट पुढे सागरी गर्तांपाशी प्रावरणात परततो. त्यातील काही सोडियम ज्वालामुखींवाटे वर येते, तर काही एक्लोजाइटातील पायरॉक्सीनमध्ये जेडाइटाच्या रूपाने खोलवर जाते.

तात्पर्य, जोलीने मोजले ते सागराचे वय नव्हे, तर सोडियमचा सागरातील सरासरी निवासकाल होय. मूलद्रव्याची आवक व जावक समतोल असली, तर साठ्याला आवकेने भागून निवासकालच मिळतो. पात्राचे वय त्यात कोठेच नसते. लोणारसारख्या निर्गमहीन सरोवराच्या क्षारांवरून त्याचे वय काढू पाहणाऱ्या अभ्यासकानेही, भागाकार करण्यापूर्वी, जावकेचा रकाना खरोखरच रिकामा आहे काय, हे आधी तपासले पाहिजे.