४८ तासांची विश्रांती नेमकी कशाची? घरच्या व्यायामाचं वेळापत्रक आखताना

व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. करतेय असं कळलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, प्रोटीन पावडर घ्यावी का? दुसरा, व्यायाम रोज करावा की एक दिवसाआड? पहिल्यावर पुन्हा कधीतरी बोलू. दुसरा आज घेते, कारण नेट, सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांना तो दोन्ही अंगांनी उपयोगाचा आहे. हॉस्टेलच्या खोलीत साधनांशिवाय आठवडा कसा बसवायचा हे त्यातून कळतं. आणि शोधनिबंधातला एखादा आकडा बाहेर येऊन नियम कसा होतो, तेही दिसतं.

नियम तुम्ही ऐकलाच असेल: "एका स्नायूला व्यायाम दिला की ४८ तास विश्रांती द्यायची." जिममधला ट्रेनर सांगतो, यूट्यूबवर सांगतात, पुस्तकांतही असतं. आकडा टाकाऊ नाही. पण तो मोजलाय कशाचा, हे विचारल्याशिवाय वापरू नये.

या नियमाच्या बाजूने नेहमी दोन निबंध पुढे केले जातात. पहिला १९९५चा, मॅकडूगल आणि सहकाऱ्यांचा. सहा निरोगी तरुण पुरुष. प्रत्येकाने एकाच हाताने कोपरातून वजन उचलायचे १२ सेट केले, दुसरा हात तसाच ठेवला. मग खुणा केलेलं ल्युसिन हे अमिनो आम्ल शिरेतून सोडून ते दंडाच्या स्नायूत किती वेगाने मुरतं हे पाहिलं. म्हणजे मोजमाप होतं स्नायूत नवीन प्रथिनं तयार होण्याच्या वेगाचं. रचना सुंदर आहे, कारण तुलनेचा हात त्याच माणसाचा. जेवण, झोप, वय, सगळं आपोआप सारखं. याआधीच्या कामातून माहीत होतं की हा वेग व्यायामानंतर ४ तासांनी ५० टक्क्यांनी आणि २४ तासांनी १०९ टक्क्यांनी वाढलेला असतो. या प्रयोगात ३६ तासांच्या सुमारास फरक १४ टक्क्यांवर आला होता, आणि तोही सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

दुसरा निबंध १९९७चा, फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा. व्यायामाची सवय नसलेले आठ जण, पायाचा व्यायाम. इथे वेग ३ तासांनी ११२, २४ तासांनी ६५ आणि ४८ तासांनी ३४ टक्के जास्त होता. म्हणजे ४८ तास झाले तरी काम चालूच!

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकात प्रक्रिया ३६ तासांत जवळपास आटोपली, दुसऱ्यात ४८ तासांनंतरही सुरू. स्नायू वेगळा, माणसं वेगळी, व्यायाम वेगळा. आणि मुख्य म्हणजे दोघांनीही हे मोजलेलं नाही की हा माणूस पुन्हा तेवढंच वजन उचलायला कधी तयार होतो. प्रथिनं बनण्याचा वेग ही एक गोष्ट, ताकद परत येणं ही दुसरी आणि दुखणं थांबणं ही तिसरी. तिन्हींची घड्याळं वेगवेगळी चालतात. आपण मात्र "रिकव्हरी" हा एकच शब्द तिन्हींना लावतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. तुमच्या विषयातही असे शब्द असतील. सिनॉप्सिस लिहायला घेण्याआधी ते हुडकून ठेवा, व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

दुखण्याचं घड्याळ सगळ्यात फसवं. व्यायामानंतर लगेच नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलायला लागतात, ते दुखणं. थिओडोर हफ यांनी १९०२ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी, असं सुचवलं होतं की हे स्नायूच्या आतल्या बारीक इजांमुळे होतं. तरी "लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय" हे वाक्य अजून गेलेलं नाही. श्वेन आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये त्याची साधी परीक्षा घेतली. सपाटीवर आणि उतारावर ४५ मिनिटं पळवून पाहिलं. सपाटीवर पळताना लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर पळताना लॅक्टेट वाढलं नाही आणि पाय मात्र चांगलेच दुखले. इतका सरळ निकाल देणारा प्रयोग आमच्या क्षेत्रात क्वचित मिळतो, म्हणून मला तो फार आवडतो.

दुखण्याला कारण ठरतो तो ताणाखाली लांबणारा स्नायू: उतार, जिना उतरणं, बैठकीत खाली जाणं. आणि तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. एकदा मिळालेलं हे संरक्षण काही आठवडे टिकतं. तालमीतले पैलवान रोज शेकडो जोर-बैठका मारतात, मग आम्हालाच का विश्रांती, असा प्रश्न कुणी विचारेलच. उत्तर हेच. त्यांचं शरीर वर्षानुवर्षं त्या कामाला सरावलेलं आहे, तुमचं गेले सहा महिने खुर्चीला सरावलंय. पैलवानाचा आकडा उचलू नका.

हे गंमत म्हणून सांगत नाही. पहिल्याच दिवशी मित्राशी पैज लावून दोन-तीनशे बैठका मारल्या तर स्नायूपेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येऊ शकतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पाय प्रचंड सुजले, वाकवता येईनात आणि लघवी कोलासारखी गडद झाली, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आता ताकदीचं घड्याळ. इथे मोरान-नवारो आणि सहकाऱ्यांचा २०१७चा प्रयोग कामाचा आहे. दहा पुरुषांनी एकच वजन घेऊन, ज्याने जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येतं असं, तीन वेगळ्या पद्धतींनी व्यायाम केला. त्यांतल्या दोन पद्धतींत एकूण उचलणं सारखंच, तीस वेळा. एकीत दहाचे तीन सेट, म्हणजे प्रत्येक सेट हात टेकेपर्यंत. दुसरीत पाचचे सहा सेट, म्हणजे दर वेळी निम्मी ताकद शिल्लक. काम तेवढंच, तरी दमेपर्यंत केलेल्या पद्धतीत पूर्ववत व्हायला २४ ते ४८ तास जास्त लागले. म्हणजे विश्रांतीची लांबी कॅलेंडरवर ठरत नाही; तुम्ही सेट कुठे थांबवता त्यावर ठरते. बरं, दमेपर्यंत केल्याचा फायदा तरी होतो का? ग्रगिच आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये केलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये स्नायूंची वाढ आणि ताकद, दोन्हींत ठळक फरक आढळला नाही. फायदा फारसा नाही आणि किंमत एक-दोन दिवसांची, असा हा व्यवहार आहे. दोन-तीन रेप्स बाकी असताना थांबा.

आणि आता ज्यासाठी हा विषय घेतला तो भाग. तुम्ही परीक्षेच्या तयारीत आहात. स्टल्ट्स-कोलेमाइनेन आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ३१ पदवी विद्यार्थ्यांकडून गेल्या काही काळातल्या ताणाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, मग लेग प्रेसचा दमवणारा व्यायाम करायला लावून ९६ तास त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त होता त्यांची ताकद सावकाश परतली. थकवा आणि दुखणंही जास्त रेंगाळलं. लक्षात घ्या, ताण प्रयोगकर्त्यांनी दिलेला नव्हता, होता तसा मोजला. त्यामुळे "ताणामुळेच" असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ताणाबरोबर येणारं दुसरं काही, जसं की अपुरी झोप, हेही कारण असू शकतं. झोपेबद्दल लॅमन आणि सहकाऱ्यांचा २०२१चा प्रयोग आहे: १३ तरुण स्त्री-पुरुष, एक पूर्ण रात्र जागरण, आणि दुसऱ्या दिवशी स्नायूंतली प्रथिननिर्मिती १८ टक्क्यांनी कमी. त्यात व्यायाम नव्हता, नमुना छोटा आहे. तरी दोन्ही निबंध एकाच दिशेला बोट दाखवतात: सेमिस्टरच्या सुरुवातीला जमणारं वेळापत्रक परीक्षेच्या महिन्यात तसंच्या तसं झेपेल असं गृहीत धरू नये.

तर आठवडा कसा बसवायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी अशा आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, किंवा त्याऐवजी ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. मी सुचवेन ते असं: सोमवार आणि गुरुवार ताकदीचा व्यायाम, पूर्ण शरीराचा. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार चाळीस मिनिटं भरभर चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. झाली १६० मिनिटं. रविवार मोकळा. सोमवार ते गुरुवार मध्ये तीन दिवसांचं अंतर आहे, गुरुवार ते सोमवार चार दिवसांचं. हे ४८ तासांपेक्षा जास्त आहे, आणि मुद्दामच आहे. नवखेपणा आणि परीक्षेचा ताण यांची सूट त्यात धरलीय. सरावाने तिसरा दिवस वाढवता येतो, पण त्याची घाई नाही. शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१९च्या मेटा-अ‍ॅनालिसिसप्रमाणे आठवड्याचे एकूण सेट सारखे असतील तर ते किती दिवसांत वाटले याने स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. म्हणून सोमवारी लेक्चर असेल तर मंगळवार-शुक्रवार करा, काही बिघडत नाही.

ताकदीच्या दिवशी पाच हालचाली: ढकलणं, ओढणं, बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा ब्रिज आणि प्लँक. ब्रिज आणि प्लँक सोपे आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. घरच्या व्यायामात हमखास राहून जातं ते ओढणं, कारण ढकलायला जमीन आहे, ओढायला काहीच नाही. आधीच दिवसभर पुस्तकावर वाकून बसायचं आणि वर नुसते पुशअप मारायचे, हा तोल बरोबर नाही. सॅकमध्ये पुस्तकं भरा, एक हात पलंगाच्या कडेवर टेकवून वाका आणि दुसऱ्या हाताने सॅक कमरेपर्यंत ओढा. जाडजूड संदर्भग्रंथ इथे खरोखर उपयोगी पडतात.

पुशअप जमत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी एबेन आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये दिलेले आकडे सांगते. जमिनीवरच्या साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा ६४ टक्के भार हातांवर येतो. गुडघे टेकून ४९ टक्के. हात सुमारे ६० सेंमी उंचीवर ठेवले तर ४१, ३० सेंमीवर ५५. पाय ६० सेंमी उंच ठेवले तर ७४. म्हणजे साठ किलोच्या माणसासाठी टेबलाच्या कडेवरचा पुशअप साधारण २५ किलोचा आणि जमिनीवरचा ३८ किलोचा. ही अख्खी वजनांची मांडणी तुमच्या खोलीत आहे, फक्त ती टेबल, खुर्ची, पलंग या रूपात आहे. आणि हलकं म्हणून कमअस्सल समजू नका. किकुची आणि नाकाझातो यांनी २०१७मध्ये पुशअपची तुलना तेवढ्याच हलक्या भाराच्या बेंच प्रेसशी केली. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. स्नायूंची वाढ दोन्हींकडे सारखीच.

पहिले दोन आठवडे प्रत्येक हालचालीचा एकच सेट, तिसऱ्या आठवड्यापासून दोन, पाचव्यापासून तीन. सुरुवातीला इतकं सावकाश का? डमास आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये दहा तरुणांना दहा आठवडे व्यायाम दिला, तेव्हा दिसलं की पहिल्या आठवड्यात प्रथिननिर्मिती खूप वाढते, पण तिचा पुढे होणाऱ्या वाढीशी संबंध लागत नाही. तो बराचसा डागडुजीचा खर्च असतो. नुकसान कमी झाल्यावर, तिसऱ्या आठवड्यापासून, तो संबंध लागायला लागतो. पहिल्या आठवड्यात अंग मोडून घेतल्याने काही जास्तीचं मिळत नाही.

वहीत दर वेळी एकच नोंद ठेवा: पहिल्या सेटमध्ये किती पुशअप झाले. दुखतंय की नाही यापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो. गेल्या वेळेपेक्षा दोन-तीनने घसरला तर त्या दिवशी प्रत्येक हालचालीचा एक सेट करून थांबा. ही मर्यादा मी अनुभवाने धरलेली आहे, कुठल्या निबंधातली नाही.

आणि परीक्षेच्या तोंडावर? बहुतेक जण व्यायाम पूर्ण सोडतात, कारण "अर्धवट करून काय उपयोग". बिकल आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये नेमकं हेच तपासलं. सोळा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम; त्यानंतर ३२ आठवडे काहींचा पूर्ण बंद, काहींचा एक तृतीयांश आणि काहींचा फक्त एक नवमांश. तीन दिवस तीन-तीन सेट करणाऱ्याचा नववा हिस्सा म्हणजे आठवड्यातून एकदा, एक सेट. वीस ते पस्तीस वयोगटातल्यांनी तेवढ्यावर कमावलेले स्नायू टिकवले. वयस्करांना ते जमलं नाही, त्यामुळे आईवडिलांना हा सल्ला पाठवू नका. तुमच्यासाठी मात्र परीक्षेच्या महिन्यात रविवारी सकाळची पंधरा मिनिटं पुरतात, आणि वाचून वाचून डोकं जड झालं की बाहेर एक चक्कर.