मामाचे गाव ड्रेस्डेन

मे महिन्याची सुट्टी आणि मामाचे गाव ही जोडी आपल्याकडे फार जुनी. माझ्या मुलांचा मामा मात्र ना कोकणात, ना देशावर. तो राहतो जर्मनीत, एल्बे नदीच्या काठी, ड्रेस्डेन शहरात. संगणकाच्या चिपा तयार करणाऱ्या एका कारखान्यात तो इंजिनियर आहे. गेल्या सुट्टीत चिरंजीव, कन्या आणि मी असे तिघे त्याच्याकडे तीन आठवडे राहून आलो. हे उत्तरपत्रिकांच्या ढिगाऱ्यामागे घरीच राहिले.

सामानात मेतकूट, भाजणी आणि कोकम होते. आणखी एक ओझे होते, पण ते विमानतळावरच्या काट्याला दिसले नाही. २०२० च्या मे महिन्यात आमचे नाना गेले. विमाने बंद होती. दादाने वडिलांचे अंत्यदर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतले. त्या रात्री थकव्याने आणि संतापाने मी त्याला बोलून गेले, "तुझं बरं आहे, तुला नुसतं बघायचं होतं." तो गप्प राहिला. तेव्हापासून आमचे बोलणे चाले ते हवापाण्याचे आणि मुलांच्या मार्कांचे.

तिथे मेमध्ये शाळा चालू असतात. त्यामुळे आठ वर्षांचा भाचा सकाळी दप्तर पाठीला लावून निघाला, की आमची मुले विजयी मुद्रेने त्याला निरोप देत. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "आत्या, सूर्य अजून गेली नाही." मराठीच्या प्राध्यापिकेचे कान टवकारले! पण चूक त्याची नव्हती. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. मुलगी या अर्थाचा नेहमीचा शब्द तर चक्क नपुंसकलिंगी! आपल्यासारखीच तीन लिंगे असलेली भाषा, फक्त वाटणी निराळी. सूर्य मात्र खरेच गेला नव्हता. रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि अंगणात ऊन होते.

शहर पाहायला आम्ही पिवळ्या ट्रामने जात असू. नदीत चाकाच्या जुन्या आगबोटी चालतात. काठावरच्या उंच फरसबंद सज्जाला लोक कौतुकाने 'युरोपची गच्ची' म्हणतात. जवळच एका भिंतीवर सॅक्सनीच्या राजघराण्याची घोडेस्वार मिरवणूक आहे. लांबी १०२ मीटर, आणि सगळी चिनी मातीच्या फरश्यांची. चिरंजीवांना याहून मोठे आकर्षण होते ते रिकाम्या बाटल्यांचे. प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात घातली, की २५ सेंट परत मिळतात. त्याने मामीच्या घरातली एकही बाटली शिल्लक ठेवली नाही.

खरी गंमत झाली ती राजवाड्यातल्या रत्नसंग्रहात. काचेच्या पेटीत सोन्याचांदीचा, मिनाकामाचा एक चिमुकला दरबार मांडलेला. हत्ती, उंट, नजराणे घेऊन आलेले सरदार, जवळजवळ पाच हजार हिरे आणि मधोमध सिंहासनावर बादशहा. कन्येने पाटी वाचली आणि ओरडली, "आई, हा तर आपला औरंगजेब!" जणू शेजारचे काकाच भेटले! योहान मेल्खिओर डिंगलिंगर या जवाहिऱ्याने १७०१ ते १७०८ या काळात बादशहाच्या वाढदिवसाचा हा देखावा घडवला. हिंदुस्थान त्याने पाहिलेला नव्हता. प्रवाशांच्या वर्णनांवरच सगळी मदार. आणि ज्या वर्षांत तो हे हिरे जडवत होता, त्याच वर्षांत खुद्द बादशहा ऐन म्हातारपणी सह्याद्रीतल्या किल्ल्यांपाशी छावण्या टाकून मराठ्यांशी झुंजत होता. देखावा पुरा होण्याआधीच, १७०७ साली, आताच्या अहिल्यानगरजवळ त्याचा अंत झाला. दुरून पाहणाऱ्याला झगमगाट तेवढा दिसतो, हे तिथे मनात आले.

शेवटच्या रविवारी दुकाने बंद होती. दादा म्हणाला, "चल, तुला आमचं देऊळ दाखवतो." ते फ्राउएनकिर्श, १७४३ साली पुरे झालेले भव्य चर्च. फेब्रुवारी १९४५ मधल्या बॉम्बहल्ल्यांत हे शहर जळाले. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. दोन दिवस तग धरून चर्चचा दगडी घुमट कोसळला. पुढे चार दशकांहून अधिक काळ तो ढिगारा तसाच पडून होता. १९९४ मध्ये पुन्हा उभारणी सुरू झाली आणि २००५ मध्ये ती पुरी झाली. ढिगाऱ्यातले हजारो दगड मोजून, तपासून पुन्हा भिंतीत बसवले. पांढुरक्या नव्या दगडांत ते काळे चिरे लांबूनही ओळखू येतात. घुमटावरचा नवा क्रूस लंडनच्या एका सोनाराने घडवला. त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या विमानांपैकी एकाचे वैमानिक होते.

"त्या वर्षी मी दर रविवारी इथे यायचो," दादा हळूच म्हणाला. "घरी रडलो असतो तर पोर घाबरलं असतं."

मी त्याच्याकडे पाहिले. पाच-सहा वर्षांत प्रथमच नीट पाहिले असावे. कानशिले पांढरी झाली होती. "दादा, मी त्या रात्री बोलले ते..."

"जाऊ दे गं. मला एवढंच सांग, शेवटी नाना काही म्हणाले का? तुला विचारायचा धीरच झाला नाही."

म्हणाले होते. आणि ते मी रागाने इतकी वर्षे माझ्यापाशीच ठेवले होते. आदल्या रात्री नानांनी घड्याळाकडे बोट दाखवून विचारले होते, "आता त्याच्याकडे किती वाजले असतील?"

मी ते सांगितले. दादा बराच वेळ त्या काळ्या-पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने डोळे पुसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले.

"पुण्यात साडेआठ वाजले असतील," तो म्हणाला. "भावजींना फोन कर. जेवले का विचार."