दगडावर उरलेला शिपाई

जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात एक कोरीव दगड आहे. त्यावर एक रोमन सैनिक आहे. छातीवर पदकं, हातात अधिकाराची छडी. खाली मजकूर जेमतेम चार-पाच ओळींचा. नाव मार्कुस केलियुस, गाव बोलोन्या, अठराव्या लीजनचा सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायक. वय साडेत्रेपन्न. वारुसच्या युद्धात पडला. भाऊ पुब्लियुस यानं हे स्मारक केलं.

इसवी सन ९ मध्ये वारुस या सेनापतीच्या तीन लीजन, म्हणजे हजारो माणसं, जर्मनीच्या अरण्यात कापल्या गेल्या. या पराभवाबद्दल रोमन ग्रंथकारांनी पुष्कळ लिहिलं. पण त्याचा उल्लेख करणारा ज्ञात शिलालेख एकच, १६२० मध्ये झांटेनजवळ सापडलेला हा दगड. त्या युद्धातली एक लीजन अठरावी होती, हेही त्यावरूनच कळतं.

मित्रहो, जुन्या इतिहासग्रंथांत सम्राट असतात, सेनापती असतात. लिहिणारेही बहुधा त्यांच्याच पंगतीतले. साधा शिपाई तिथे फक्त आकडा असतो. दगडावर मात्र त्याला नाव असतं, बापाचं नाव असतं, गाव असतं. मी कविता लिहिणारा माणूस. थोडक्या शब्दांत किती मावतं, हे या दगडांकडून शिकावं असं मला वाटतं.

एक दगड एका माणसाची हकिगत सांगतो. हजारो एकत्र वाचले की सैन्याचा नकाशा तयार होतो. कोणती लीजन कुठे होती, तिथून कधी हलली, भरती कुठून होत होती, हे सारं त्यातून जुळवता येतं. पहिल्या शतकात इटलीतली गावं वारंवार दिसतात. पुढे छावणीच्या आसपासच्या प्रांतांतली गावं वाढत जातात. म्हणूनच १८५३ मध्ये थिओडोर मोमसेन यांच्या पुढाकारानं बर्लिनमध्ये सगळे लॅटिन शिलालेख एकत्र छापण्याचं काम सुरू झालं. ते अजून चालू आहे.

दगडांबरोबर ब्राँझचे पत्रेही सापडतात. परक्या प्रांतांतून सहायक दलात आलेल्या शिपायाला पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर रोमन नागरिकत्व मिळे. त्याचा दाखला या पत्र्यावर कोरलेला असे. त्यावर तारीख असते आणि त्या प्रांतातल्या तुकड्यांची यादीही असते. शिपायाला तो पुरावा म्हणून हवा होता. आज इतिहासकाराला तो हजेरीपटासारखा उपयोगी पडतो.

कधी एखादा दगड ग्रंथात राहिलेली जागा भरून काढतो. डेशियाचा, म्हणजे आजच्या रुमानियातला, राजा देकेबालुस यानं इसवी सन १०६ मध्ये आत्महत्या केली आणि त्याचं शिर रोमला नेलं, असं कासियुस दियो लिहितो. ते शिर सम्राट त्राजानकडे कोणी नेलं, हे तो सांगत नाही. १९६५ मध्ये उत्तर ग्रीसमध्ये क्लाउदियुस माक्सिमुस या घोडेस्वाराचं थडगं सापडलं. ते त्यानं जिवंतपणीच करवून घेतलं होतं. देकेबालुसला आपण पकडलं, त्याचं शिर आपणच सम्राटाकडे नेलं, असं त्यावर लिहिलं आहे.

आता, ‘पकडलं’ की आत्महत्या केलेला सापडला? थडग्यावरच्या चित्रात राजाच्या हातून तलवार गळून पडते आहे. इथेच सावध व्हायला हवं. आपल्या पराक्रमाचं वर्णन माणूस स्वतः करतो, तेव्हा दोन शब्द जास्तच लिहितो.

दगडावरचं पुसताही येतं. इसवी सन २३८ मध्ये आफ्रिकेतली तिसरी आउगुस्ता ही लीजन बरखास्त झाली आणि शिलालेखांतून तिचं नाव खरवडलं गेलं. २५३ मध्ये ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा काही ठिकाणी त्याच खड्ड्यात नाव नव्यानं कोरलं. तो खड्डा वाचणं हाही इतिहासच. आणि ज्यांना दगड परवडलाच नाही, त्यांच्याबद्दल हे सारे लेख मुके आहेत, हेही विसरून चालणार नाही.

केलियुसच्या दगडावर आणखी तीन शब्द आहेत. अस्थी इथे ठेवता येतील, असा त्यांचा अर्थ. कोणाच्या अस्थी? काही अभ्यासक म्हणतात, पुढेमागे सापडल्या तर केलियुसच्याच. काही म्हणतात, त्याच दगडावर ज्यांचे चेहरे कोरले आहेत त्या त्याच्या दोन मुक्त गुलामांच्या. वाद मिटलेला नाही. पण अरण्यात हरवलेल्या भावासाठी एका माणसानं जागा राखून ठेवली, एवढं त्या दगडानं दोन हजार वर्षं जपलं आहे.